वाचकांचे प्रश्न : ‘आय लव्ह लूसी’चा पहिला हंगाम कसा घडला

गेल्या अंकात दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांविषयी लिहिताना ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकी मालिकेचा उल्लेख आला होता. रिकी रिकार्डो हा न्यूयॉर्कमधील क्लबात गाणारा क्यूबन वाद्यवृंदप्रमुख, रंगमंचावर झळकण्यासाठी धडपडणारी त्याची बायको लूसी आणि त्यांचे घरमालक असलेले मर्ट्झ दांपत्य, एवढ्या चौघांभोवती ही मालिका फिरते. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस वाहिनीवर ती सुरू झाली आणि पहिल्या हंगामात तिचे ३५ भाग दाखविले गेले. या हंगामाच्या निर्मितीविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

लूसी आणि रिकी ही भूमिका करणारी जोडी प्रत्यक्षातही पती-पत्नी होती, असे आपण लिहिले आहे. ही कल्पना वाहिनीची होती का? (एक वाचिका, पुणे)

नाही. वाहिनीचा या कल्पनेला विरोध होता. लूसीची भूमिका करणाऱ्या ल्युसिल बॉल १९४८पासून सीबीएसच्या रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ या विनोदी मालिकेत काम करीत होत्या आणि तीच मालिका दूरचित्रवाणीवर आणावी, असे वाहिनीला वाटत होते. रेडिओवर त्यांच्या पतीची भूमिका रिचर्ड डेनिंग करीत असत. ल्युसिल यांनी मात्र पडद्यावर पती म्हणून आपले खरे पती देसी आर्नाझ हेच हवेत, असा आग्रह धरला. आर्नाझ क्यूबात जन्मलेले, स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारे वाद्यवृंदप्रमुख होते, आणि अमेरिकी गृहिणीचा नवरा म्हणून असा माणूस प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असे वाहिनीच्या अधिकाऱ्यांचे मत होते.

या आग्रहामागे संसाराचे कारण होते. दोघांचे लग्न १९४० साली झाले होते, परंतु आर्नाझ वाद्यवृंद घेऊन सतत गावोगाव फिरत असल्यामुळे पती-पत्नींचा सहवास फारसा घडत नव्हता. एकाच ठिकाणी, एकत्र काम मिळाले तरच हे लग्न टिकेल, असे ल्युसिल यांना वाटत होते. म्हणून दोघांनी ‘देसिलू’ ही स्वतःची कंपनी काढली, १९५० च्या उन्हाळ्यात निरनिराळ्या शहरांतील नाट्यगृहांतून विनोद आणि गाण्यांचे एकत्र प्रयोग केले, आणि प्रेक्षक या जोडीला मनापासून दाद देतात, हे वाहिनीला दाखवून दिले. त्यानंतर मार्च १९५१ मध्ये नमुना भाग तयार झाला. त्या वेळी ल्युसिल गरोदर होत्या. कन्या लूसी हिचा जन्म १७ जुलैला झाला आणि पुढे दोन महिने पूर्ण होण्याच्या आतच चित्रीकरणाला प्रारंभ झाला. या मालिकेच्या यशाचा हिशेब मांडताना एका बाळंतिणीने उपसलेल्या या कष्टांची नोंद क्वचितच घेतली जाते, याची मला खंत वाटते.

मी हौशी नाट्यसंस्थेत काम करतो. मालिकेतील हशा खरा होता का? समोर प्रेक्षक असतील, तर कॅमेरे त्यांच्या आड येत नसत का? आणि एकदा लोक हसून गेल्यावर तोच प्रसंग पुन्हा कसा चित्रित करीत? (एक वाचक, सांगली)

आपल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच निर्णयात आहे, आणि माझ्या मते पहिल्या हंगामाचे सारे महत्त्वही त्याच निर्णयात आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्या काळी अमेरिकेतील बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. प्रेक्षकांची मोठी संख्या देशाच्या पूर्व भागात होती आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी प्रक्षेपणाची व्यवस्था सप्टेंबर १९५१ मध्ये नुकतीच सुरू होत होती. जिथे थेट प्रक्षेपण पोहोचत नसे तिथे किनेस्कोप पाठवीत, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर कॅमेरा रोखून घेतलेली अंधूक, धुरकट फिल्म. मालिकेची प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीची अपेक्षा अशी होती की, आर्नाझ दांपत्याने न्यूयॉर्कला यावे आणि पूर्वेकडील प्रेक्षकांना स्वच्छ चित्र मिळावे. दांपत्याला लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते. तेव्हा मालिका चित्रपटाप्रमाणे ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करावी, म्हणजे देशात सर्वत्र सारखेच उत्तम चित्र दिसेल, असा तोडगा निघाला.

परंतु चित्रपटाच्या पद्धतीत एकाच कॅमेऱ्याने तुकड्यातुकड्याने चित्रण होते आणि प्रेक्षक नसतात. ल्युसिल यांचा विनोद समोरच्या माणसांच्या प्रतिसादावर फुलतो, हे रेडिओच्या काळापासून सर्वांना माहीत होते. रेडिओवरही त्या प्रेक्षकांसमोर काम करीत. शिवाय आपण म्हणता तीच अडचण होती: तोच प्रसंग दुसऱ्या कोनातून पुन्हा केला, तर दुसऱ्या वेळचा हशा पहिल्यासारखा येत नाही. म्हणून प्रसंग एका दमात, नाटकासारखा सादर करायचा आणि तीन कॅमेऱ्यांनी तो एकाच वेळी टिपायचा, असे ठरले. सामान्यतः मधला कॅमेरा संपूर्ण दृश्य घेई आणि बाजूचे दोन पात्रांच्या जवळ राहत.

यासाठी हॉलिवूडमधील जनरल सर्व्हिस स्टुडिओचा एक मंच बदलून घेण्यात आला. सुमारे ३०० लोकांसाठी चढत्या पायऱ्यांची आसने बसविली, प्रेक्षकांना रस्त्यावरून थेट आत येता यावे म्हणून स्वतंत्र दार काढले, आणि कॅमेऱ्यांच्या गाड्या आवाज न करता सरकाव्यात म्हणून जमीन गुळगुळीत करून घेतली. रिकार्डोंची बैठकीची खोली, स्वयंपाकघर, क्लब असे सगळे सेट एका ओळीत शेजारी शेजारी उभे असत आणि प्रसंग बदलला की कॅमेरे पुढच्या सेटसमोर जात. बसण्याची जागा उंचावर असल्याने कॅमेऱ्यांच्या वरून रंगमंच दिसे. प्रत्येक हालचाल तालमीत ठरलेली असे आणि जमिनीवर कॅमेऱ्यांच्या जागांच्या खुणा केलेल्या असत. नट हशासाठी थांबत, ते आपण रंगभूमीवर थांबता तसेच: हशा चढू द्यायचा आणि तो पुरता ओसरण्याआधी पुढचे वाक्य घ्यायचे. १००० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपत असल्यामुळे दोन प्रसंगांच्या मध्ये थांबणे भाग होते, परंतु प्रसंग चालू असताना शक्यतो खंड पडू दिला जात नसे.

हशा खराच होता. प्रेक्षकांच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगलेले असत आणि चित्रीकरणापूर्वी आर्नाझ स्वतः पुढे येऊन त्यांच्याशी गप्पागोष्टी करीत, त्यांना खुलवीत. ल्युसिल यांच्या मातोश्री डीडी नेहमी हजर असत, आणि लूसी आता काही घोटाळा करणार, असे दिसताच त्यांच्या तोंडून निघालेला धास्तीचा उद्गार अनेक भागांत आजही ऐकू येतो.

तीन कॅमेऱ्यांची पद्धत देसी आर्नाझ यांनी शोधून काढली, असे मी वाचले होते. ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

हे विधान अपुरे आहे. अनेक फिल्म कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण करण्याचे प्रयत्न आधी झाले होते; ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या कार्यक्रमात तसे काम केलेले अल सायमन यांना देसिलूने मुद्दाम आपल्याकडे घेतले. आर्नाझ यांचे श्रेय असे की, पूर्ण कथा असलेली मालिका प्रेक्षकांसमोर, चित्रपटाच्या दर्जाच्या प्रकाशात, आठवड्यामागून आठवडे करून दाखविणारी यंत्रणा त्यांनी उभी केली. हे श्रेय लहान नाही.

तरीही माझ्या मते याबाबतीत सर्वांत आधी नाव घ्यावे ते छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांचे. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’सारख्या चित्रपटाचे छायालेखन केलेले आणि ‘द गुड अर्थ’साठी ऑस्कर मिळविलेले हे ज्येष्ठ कलावंत दूरचित्रवाणीकडे वळले, तेव्हा त्यांच्यापुढे चित्रपटसृष्टीत कधी न आलेला प्रश्न होता. चित्रपटात प्रत्येक कोनासाठी दिवे पुन्हा मांडतात. येथे तीन कोनांतून एकदमच चित्रण होणार, जमिनीवर दिवा ठेवावा तर कॅमेऱ्याची वाट अडणार. फ्रॉइंड यांनी जवळजवळ सगळे दिवे वर टांगले आणि सेटवर सर्वत्र एकसारखा उजेड पाडला. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचांवर काळे आणि पांढरे यांतील फरक प्रमाणाबाहेर वाढून दिसे. म्हणून त्यांनी सेट आणि वस्तू करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतल्या आणि शुभ्र पांढरा रंग टाळला. आजही स्टुडिओत प्रेक्षकांसमोर होणाऱ्या विनोदी मालिकांची प्रकाशयोजना मुळात याच धर्तीची असते.

संकलक डॅन कान यांनाही विसरू नये. तीन कॅमेऱ्यांच्या फिल्म आणि ध्वनी एकाच वेळी जुळवून पाहता येईल, असे अनेक पडद्यांचे अवाढव्य संकलनयंत्र त्यांच्याकडे आले, तेव्हा त्याला तिथे ‘तीन तोंडांचा राक्षस’ म्हणू लागले. पहिला चित्रित भाग ८ सप्टेंबरचा. तरी प्रक्षेपणात त्याला चौथे स्थान मिळाले आणि आरंभासाठी दुसरा भाग निवडण्यात आला.

फिल्मचा वाढीव खर्च कोणी सोसला? (एक वाचक, न्यू जर्सी)

काही भार वाहिनी आणि प्रायोजक यांनी उचलला. उरलेल्यासाठी आर्नाझ दांपत्याने आपल्या मानधनात दर आठवड्याला १००० डॉलरची कपात मान्य केली आणि मोबदल्यात मालिकेच्या फिल्मची मालकी देसिलूकडे राहील, अशी अट घातली. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा त्या वेळचा सर्वसाधारण समज असल्याने ती मान्य होण्यास अडचण आली नाही. पुढे पुनःप्रक्षेपणाची मागणी वाढली, आर्नाझ दांपत्याने हे हक्क मोठ्या रकमेला सीबीएसलाच विकले, आणि १९५७ साली देसिलूने आरकेओ हा स्टुडिओ विकत घेतला. १९३० च्या दशकात ल्युसिल याच स्टुडिओत करारावर काम करणाऱ्या दुय्यम अभिनेत्री होत्या.

फ्रेड आणि एथेल मर्ट्झ यांची निवड कशी झाली? (एक वाचिका, ठाणे)

या भूमिकांसाठी प्रथम गेल गॉर्डन आणि बी बेनाडेरेट यांचा विचार झाला होता, परंतु दोघेही अन्य कामांत बांधलेले होते. विल्यम फ्रॉली यांनी स्वतः दूरध्वनी करून काम मागितले. त्यांच्या मद्यपानाविषयी बरेच बोलले जात असल्यामुळे आर्नाझ यांनी कामात कसूर न करण्याची कडक अट घालून त्यांना घेतले, आणि फ्रॉली यांनी ती पाळली. व्हिव्हियन व्हॅन्स यांचे नाव दिग्दर्शक मार्क डॅनियल्स यांनी सुचविले आणि आर्नाझ यांना कॅलिफोर्नियातील ला होया येथे त्यांचे नाटक पाहायला नेले. फ्रॉली त्यांच्यापेक्षा २२ वर्षांनी मोठे होते. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाची बायको व्हावे लागते, हे व्हॅन्स यांना रुचले नव्हते आणि दोघांचे पुढेही कधी जमले नाही. पडद्यावरील मर्ट्झ पती-पत्नींच्या कुरबुरी पाहताना हे आठवते खरे. पण व्हॅन्स यांचे काम एवढ्यावर तोलणे अन्यायाचे होईल. लूसीचा बेत ऐकताना आधी नकार, मग कुतूहल आणि शेवटी सामील होण्याची तयारी, असे तीन टप्पे त्या केवळ चेहऱ्यावर दाखवीत, आणि प्रेक्षकाचा विश्वास बसे तो त्यामुळेच.

इतके भाग लिहिले कोणी? आणि पहिल्या हंगामातील एकच भाग पाहायचा तर कोणता पाहावा? (एक वाचक, कोल्हापूर)

जेस ओपनहायमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरॉल ज्युनियर या तिघांनी. तिघेही रेडिओ मालिकेचेच लेखक होते आणि तेथील काही कथानके त्यांनी येथे नव्याने वापरली. ओपनहायमर निर्मातेही होते. ज्या कृती हसू आणणार, त्यांचे वर्णन संहितेत मोठ्या अक्षरांत, बारीकसारीक तपशिलांसह टंकलिखित केलेले असे. त्या कृती करता येण्याजोग्या आहेत का, हे पाहण्यासाठी मॅडलिन प्यू त्या आधी स्वतः करून पाहत. ल्युसिल बॉल यांना ऐन वेळी काही तरी सुचत असे, हा समज त्यामुळे टिकत नाही. त्या तासन् तास तालीम करणाऱ्या अभिनेत्री होत्या.

पाहायचा तर ५ मे १९५२ रोजी दाखविलेला ‘लूसी डझ अ टीव्ही कमर्शियल’ हा भाग पाहावा. लूसी नवऱ्याला न कळता एका शक्तिवर्धक औषधाच्या जाहिरातीत शिरकाव करून घेते. त्या औषधात २३ टक्के मद्यार्क आहे, हे तिला ठाऊक नाही, आणि दिग्दर्शक तालीम पुन्हा पुन्हा करून घेत असल्यामुळे प्रत्येक वेळी तिला एक चमचा घ्यावा लागतो. या प्रसंगात प्रत्येक गोष्टीला कारण आहे: तालीम पुन्हा का होते, चमचा पुन्हा का घ्यावा लागतो, ती नाही का म्हणत नाही. पहिल्या चमच्याच्या वेळी ल्युसिल यांनी चेहऱ्यावर आणलेली किळस आणि नंतरच्या चमच्यांच्या वेळी तिची होत गेलेली आवड, एवढेच लक्षपूर्वक पाहिले तरी पुरे. त्याआधी जमल्यास ७ एप्रिल १९५२ चा ‘द मॅरेज लायसन्स’ हाही भाग पाहावा. अमेरिकेत एक कोटीहून अधिक घरांत पाहिला गेलेला तो पहिला दूरचित्रवाणी कार्यक्रम म्हणून नोंदला गेला आहे. त्यात विवाहाच्या परवान्यावर रिकीचे आडनाव चुकीचे लिहिल्याचे लूसीच्या ध्यानात येते आणि आपले लग्न झालेलेच नाही, अशी तिची समजूत होते. त्यानंतर ती रिकीला पुन्हा लग्न करायला लावते, आणि तेही पहिल्या वेळी जिथे झाले होते त्याच ठिकाणी.