आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. बायको रोज स्कूटीवरून ऑफिसला जायची, त्यामुळे झाला असेल का?

नाही. घरात आधी एवढं सांगून टाका, बाकीचं सावकाश वाचा.

खरं तर उत्तर तुम्हीच दिलंय. पाळीच्या तारखेप्रमाणे आठ आठवडे झाले होते, पण सोनोग्राफीत गर्भ साडेसहा आठवड्यांएवढाच आणि ठोके नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रक्त जायला लागलं त्याच्या बरंच आधी वाढ थांबलेली होती. मी स्त्रीरोग विभागात नर्स होते. तिथे दोष नेहमी आदल्या दिवसावर यायचा: काल पपई खाल्ली, काल कळशी उचलली, काल जिने चढली. रक्तस्राव ही शेवटची पायरी असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

स्त्रीबीजातून २३ आणि शुक्राणूतून २३ गुणसूत्रं यायला हवीत. एखादं जास्त आलं किंवा कमी पडलं की तो गर्भ बहुतेक वेळा फार वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भपात यामुळे होतात, आणि ते गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. गर्भ राहिल्याचं कळल्यानंतर साधारण १० ते २० टक्के वेळा गर्भपात होतो, त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. आपल्याकडे तीन महिने बातमी फोडत नाहीत, त्यामुळे असं झालेल्या बायकाही गप्पच राहतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपल्याच बाबतीत काहीतरी चुकलं.

वयाचा मात्र मोठा फरक पडतो. पस्तिशीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असतं, चाळिशीत ४० टक्क्यांपर्यंत जातं. पुरुषाचं वय वाढलं तरी धोका थोडा वाढतो, पण ते घरात कुणी काढत नाही.

आटोक्यात नसलेली शुगर, थायरॉईडचा त्रास, जास्त वजन, दारू आणि तंबाखू ही खरी काळजीची कारणं. मिशरी लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी खरेपणाने सांगायच्या, म्हणून मी ‘दात कशाने घासता?’ असंच विचारायचे. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर तो धूर तिलाही लागतो. स्कूटीऐवजी त्याची चर्चा करा.

एकदाच झालं असेल तर सहसा मोठ्या तपासण्या लागत नाहीत. दोन-तीनदा झालं तर मात्र शोधायला हवं: गर्भाशयात पडदा आहे का, दोघांच्या गुणसूत्रांत काही अदलाबदल आहे का, रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्ताच्या गुठळ्या व्हायला लावणारी प्रतिद्रव्यं) आहेत का. या शेवटच्या कारणावर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनच्या इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतो. ‘टॉर्च’ नावाची, काही ठरावीक संसर्ग शोधणारी महागडी तपासणी अजून सर्रास लिहून देतात. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण तिच्यातून क्वचितच सापडतं, त्यामुळे ती का हवी हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आत्ता लगेच करायचं ते असं. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाच्या रक्ताला धोका होऊ नये म्हणून देतात ते) लागेल का, हे आजच विचारा. ते ७२ तासांत द्यायचं असतं. ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा तासाला एक पॅड भिजायला लागलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. एका गर्भपातानंतर बहुतेक जणींचं पुढचं बाळंतपण नीट होतं.

आणि ऑफिसचं म्हणाल, तर मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदीप्रमाणे गर्भपातानंतर ६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्या आणि अर्ज तुम्हीच लिहून द्या, तिला त्यात घालू नका.