नाईट ड्युटी आणि न लागणारा डोळा

प्रश्न : मॅडम, मी एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पावसाळा लागला की आमच्याकडे फुरसं चावलेले पेशंट येतात. गेल्या जुलैत नाईटला एक शाळकरी मुलगा आणला. रक्त गोठतंय का बघायला ते काचेच्या ट्यूबमध्ये ठेवलं. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं सरकलं, म्हणजे विषाने गोठणंच थांबलेलं. एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लावलं, गोव्याला रेफर केलं, वाटेत गेला. आमच्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही. पण तेव्हापासून डोळा लागला की ती ट्यूब दिसते. १०८चा सायरन ऐकला की छाती धडधडते. मैत्रिणीने दिलेली अल्प्राझोलाम, म्हणजे मन शांत करून झोप आणणारी गोळी, रोज रात्री अर्धी घेते. ती म्हणते बर्नआउट आहे, रजा घे. कधी वाटतं, झोपावं ते उठूच नये. मानसिकच्या डॉक्टरकडे जावं, तर तालुकाभर बोभाटा होईल.
— एक सिस्टर, देवगड तालुका

उत्तर : गे बाय, पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी आधी घेते. 'झोपावं ते उठूच नये' असं एखाद्या पेशंटने वॉर्डात म्हटलं असतं, तर तू त्याला एकटं सोडलं असतंस का? डॉक्टरांना उठवलं असतंस. मग आजच घरातल्या एका माणसाला हे वाक्य जसंच्या तसं सांग आणि १४४१६ला फोन लाव. तो सरकारचा टेली-मानस, २०२२ पासून सुरू आहे. रात्रीबेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा विचार पुन्हा आला किंवा 'कसं' ते डोक्यात घोळू लागलं, तर ड्युटीचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आता ती ट्यूब. हलवायची नाही, म्हणून तू तिच्याकडे नुसती बघत बसलेली. दारात त्याची आई, आणि हाताला दुसरं काम नाही. वॉर्डात धावपळ करणाऱ्याला नंतर तेवढं छळत नाही, जेवढं असं थांबून बघणाऱ्याला छळतं, हे माझ्या नोकरीत मी पुष्कळदा पाहिलं. मैत्रीण बर्नआउट म्हणते. जागतिक आरोग्य संघटना त्याला कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणारी अवस्था मानते, आजारात धरत नाही. तुझं दुखणं मात्र एका रात्रीपासून सुरू झालंय, तेच दृश्य परत परत येतंय, आवाजाने दचकायला होतंय. रजेने अंगाला आराम पडेल, पण हे तपासायला मानसोपचारतज्ज्ञच हवा. यावर उपचार आहेत, बोलण्याचे आणि औषधांचेही.

गोळीबद्दल रागावणार होते, पण तुला काय सांगायचं, तू इतरांना सांगतेसच. तिची सवय लागते. मात्र रोज घेत असशील तर एकदम तोडू नकोस, झोप आणखी उडते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

बोभाट्याची भीती खोटी नाही. आपल्याकडे सिस्टर कुठल्या ओपीडीबाहेर बसली हे घरी पोचायच्या आधी सासूला कळतं! तालुक्यात नको, तर रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, गोव्यात बांबोळी आहे, कोल्हापूर आहे. नातेवाइकाकडे जाते म्हणून सांग, मला त्यात काही गैर वाटत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिलाय. तुझे एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारीसुद्धा केसपेपर मागू शकत नाहीत.

एमओंना एवढंच सांग : काही दिवस नाईट नको. सर्टिफिकेट डॉक्टर देतील. आणि पुढच्या वेळी पेशंट गेला, तर हँडओव्हर देऊन तडक स्टँड गाठू नका. त्या रात्री जे जे होते, त्यांनी चहा घेता घेता काय झालं, काय केलं, हे दहा मिनिटं बोला. चुका शोधायला नव्हे, त्यासाठी वेगळी मीटिंग असतेच.

नाईटनंतर दिवसा झोपताना दाराला कडी लाव. शेजारच्या आजींचं बीपी चार वाजताही बघता येतं.