पहिला घोडा कोणता घ्यावा: शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड की सारंगखेड्याचे शिंगरू?

आपण पुण्यात राहता, दीड वर्षापासून घोडेस्वारी शिकत आहात, आणि शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा) स्वस्तात घ्यावा की सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून मारवाडी शिंगरू आणून वाढवावे, असे आपण विचारले आहे. पहिला घोडा म्हणून हे दोन्ही टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ८ ते १४ वर्षे वयाचा खच्ची केलेला घोडा किंवा शांत घोडी शोधावी, आणि शिकाऊ स्वारांना पाठीवर घेण्याची सवय त्या जनावराला आधीपासून असावी. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो, त्यामुळे बारा वर्षांच्या घोड्याला म्हातारा म्हणून नाकारू नये.

शिंगरू गोजिरवाणे असले तरी त्याला शिकवणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. थरोब्रेडची गोष्ट वेगळी आहे. तो दोन वर्षांचा असल्यापासून धावायला शिकलेला असतो, आणि लगाम ताणला की त्यावर रेलून अधिक वेगाने पळायचे, ही त्याची सवय असते. नवखा स्वार घाबरला की नेमका लगामच आवळतो. ही सवय मोडायला अनुभवी स्वाराला कित्येक महिने द्यावे लागतात.

घोडा पाहायला जाताना ठरल्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे, कारण तापट घोड्याला सकाळीच दमवून गिऱ्हाईकापुढे शांत उभे करणारे विक्रेते असतात. खोगिराखालचा घाम त्यांचे बिंग फोडतो. खोगीर आपल्यासमोर चढवायला सांगावे आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान मागे पाडतो का, चावायला वळतो का, हे पाहावे. मग पुढच्या पायांच्या मागच्या बाजूने, गुडघ्यापासून खाली, सावकाश हात फिरवावा. एका पायाची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) दुसऱ्यापेक्षा गरम किंवा जाड लागली, तर तेथेच थांबावे. शर्यतीच्या घोड्यांत ही दुखापत नेहमीची आहे. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून पाहावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. शेवटी टाप उचलून वास घ्यावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या तबेल्यातील टापा तळाशी सडतात आणि ती दुर्गंधी लपत नाही. यात्रेत मात्र या तपासणीपेक्षा अंगावरचे केसांचे भोवरे आणि पंचकल्याणी खुणा (चारही पाय व तोंड पांढरे असणे) यांचीच चर्चा अधिक रंगते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण भोवऱ्यावरून ना पाय कळतो ना स्वभाव.

दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, एकदा तरी रहदारीच्या रस्त्यालगत, स्वतः बसून पाहावे, आणि आपल्या प्रशिक्षकाला सोबत न्यावे. विक्रेता याला नकार देत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा.

खर्चाचा खरा भार खरेदीनंतर येतो: चारा, मोतद्दाराचा (घोड्याची देखभाल करणाऱ्याचा) पगार, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, जंतांचे औषध, धनुर्वाताची लस. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, म्हणून त्याला फार्महाऊसवर एकटे बांधण्यापेक्षा एखाद्या रायडिंग क्लबच्या तबेल्यात ठेवावे.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी मागावी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार मारावे लागते. त्यामुळे चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत बयाणाही देऊ नये.