बजेट कापूनही जुन्या मालिकेला मुदतवाढ का देतात? सरळ बंद का करत नाहीत?

तुम्ही उदाहरण दिलंय ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’चं. अमेरिकेतली दुपारची मालिका, 1965 पासून चालू, मधूनमधून बजेट कापल्याच्या बातम्या येतात आणि तरी मुदतवाढ मिळते, हे कसं? आणि आपल्याकडे पैशांची ओढाताण असताना वाहिन्या जुन्याच मालिका का ताणतात, असं पुढे विचारलंय.

नवीन आणायला जास्त खर्च येतो म्हणून. नवा सेट उभा करायचा, चेहरे शोधायचे, लुक टेस्ट, प्रोमो, गावोगावी होर्डिंगं. एवढं करून गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की कळतं, लोक तिकडे वळलेच नाहीत. जुन्या मालिकेचं घर उभं असतं, कपाटं भरलेली असतात, बघणारे ठरलेले असतात. दुपारी जाहिरातीचा दर रात्रीच्या मानाने कमी, त्यामुळे त्या वेळेला नव्यावर पैसे लावायची हिंमत सहसा कुणी करत नाही. ‘आई कुठे काय करते’ 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली. 2024 मध्ये तिची संध्याकाळची वेळ दुसऱ्या मालिकेला दिली, हिला दुपारी अडीचला नेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ती संपली. मधल्या महिन्यांत ती दुपारची जागा धरून होती, कारण तिचे बघणारे तिच्यामागे आले. ‘चार दिवस सासूचे’ तर 2001 ते 2013 चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. लोक हसले, नकला केल्या, पण बघणारे बघत राहिले.

हा झाला हिशेब. पण ‘सरळ बंद का करत नाहीत’ हे वाचून मला लिहायलाच बसावं लागलं.

मी ठाण्याची. घोडबंदर रोडला, गायमुखच्या अलीकडे एका बंगल्यात आमच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. मी कॉस्च्युमला होते आणि कपड्यांच्या कंटिन्युइटीची वही माझ्याकडे असायची. कोणत्या सीनला कुणी काय नेसलं, काय घातलं, पदर कुठे खोचला, सगळं त्यात. ‘रात्र, स्वयंपाकघर, आजी: मोरपंखी नऊवारी, उजव्या निरीवर हळदीचा डाग, डाग धुऊ नये.’ अशी नोंद. कारण त्या सीनचा उरलेला अर्धा भाग पुढच्या आठवड्यात शूट व्हायचा आणि डाग गेला तर एडिटला बोंब व्हायची.

मालिका तेव्हा जुनी झाली होती. बंद होणार अशी कुजबुज होती आणि एके दिवशी वाहिनीने मुदतवाढ दिली. सेटवर पेढे वाटले. संध्याकाळी पॅकअपनंतर ईपींनी, म्हणजे आमच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरनी, सगळ्या विभागांना हॉलमध्ये बोलावलं. मुदत वाढली होती, पण एपिसोडमागे मिळणारी रक्कम कमी झाली होती. मग काय काय जाणार ते त्यांनी वाचून दाखवलं. तीनऐवजी दोन कॅमेरे. आउटडोअर बंद. हळदीकुंकवाला हॉलभर बायका बोलवायच्या त्याऐवजी पाचच ज्युनिअर आर्टिस्ट, त्यांच्याच साड्या बदलून दोनदा उभ्या करायच्या. स्पॉटदादांमधला एक कमी. इथपर्यंत सगळे मान खाली घालून ऐकत होते. मग ते म्हणाले, ‘आजींना गावी पाठवतोय.’

आजींचं काम करणाऱ्या ताई युनिटमध्ये सगळ्यात ज्येष्ठ होत्या आणि त्यांचा पर-डे, म्हणजे दिवसाचं मानधन, नायिकेच्या खालोखाल होता. कागदावर बघितलं तर त्यांना काढणं सोपं. पण त्या घराचं सगळं दळणवळण त्यांच्यातून होतं. सासू-सुनेचं भांडण त्यांच्या खोलीत मिटायचं, नातवाचं गुपित त्यांनाच माहीत असायचं. मी तिथेच बोलले, की सर, ताईंना महिन्यातून दोन दिवस बोलवा, त्यांच्या खोलीतले सगळे सीन सलग घेऊन बँक करून, म्हणजे पुढच्या भागांसाठी साठवून, ठेवा, कपड्यांचं मी बघते, खर्च एवढासा होईल. लेखकाला सीन आधी लिहून द्यावे लागले असते, एवढीच अडचण होती. ईपी मला म्हणाले, ‘ताई, प्रेक्षक नायिकेसाठी येतो. म्हाताऱ्या माणसांना आठवड्यात विसरतात.’

तर आजी शेताच्या वाटणीसाठी गावी गेल्या. शेवटच्या सीनला ताईंनी स्वतःच मोरपंखी नऊवारी मागून घेतली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मला निरोप आला, की आजींच्या साड्या कापून धाकट्या सुनेचे कुर्ते शिवायला टाका, नवीन कापडाचे पैसे वाचतील. जांभळी नाक्याच्या बाजारात फिरून, काठाला काठ जुळवून मी त्या साड्या जमवल्या होत्या. मी कापू दिल्या नाहीत. ट्रंकेत घातल्या, वर ‘आजी, गावी’ अशी चिठ्ठी लावली आणि किल्ली ड्रेसदादांकडे दिली. कुर्त्यांचं कापड वागळे इस्टेटमधल्या आमच्या टेलरकाकांनी उधारीवर आणून दिलं. ईपी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते.

आणि लोक विसरले का? मानपाड्याच्या स्टॉपवर माझ्या हातातल्या सेटच्या पिशवीवरचं मालिकेचं नाव बघून एक बाई जवळ आल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ विचारलं, ‘आजींना केव्हा आणताय परत? शेताचं काम एवढं चालतं का?’ माझ्या आईच्या भिशीत हाच प्रश्न. वाहिनीच्या पानावर प्रत्येक प्रोमोखाली हाच प्रश्न. मग लेखकांनी फोनचे सीन सुरू केले. सून फोन कानाला लावून म्हणायची, ‘हो आजी, जेवले मी.’ पलीकडे कुणीच नाही. शेवटी वाहिनीनेच सांगितलं, आजींना आणा. तोवर ताईंनी एका नाटकाला तारखा देऊन टाकल्या होत्या. त्या आल्याच नाहीत. ट्रंक तशीच राहिली.

अमेरिकेतल्या तुमच्या मालिकेत हुबेहूब हेच घडलंय. डीड्रा हॉल 1976 पासून तिथे मार्लेनाचं काम करतायत. 2008 च्या अखेरीस एनबीसी वाहिनीने मालिका पुढे चालवायचं ठरवलं, पण पैसे कमी केले, आणि त्याच सुमारास हॉल आणि त्यांच्याबरोबरचे ड्रेक होजेस्टिन या दोघांना खर्चाच्या कारणाने काढलं. 2011 मध्ये दोघांनाही परत बोलवावं लागलं. त्यांचं नशीब, की तिकडे ती माणसं परत येऊ शकली. 2019 मध्ये तर सगळ्या नटांना करारातून मोकळं केलं होतं, मालिका गेलीच असं सगळे धरून चालले होते, आणि 2020 च्या जानेवारीत पुन्हा मुदतवाढ. 2022 मध्ये टीव्हीवरून काढून ‘पीकॉक’ या ॲपवर नेली. शूटिंग महिनोन् महिने आधी उरकतात, एका दिवसात एकाहून जास्त भागांचं काम होतं, सेट मोजके. सलग सीन घेऊन बँक करायची म्हणजे काय, ते तिकडे रोजचं आहे. मी सांगत होते तेव्हा मात्र ते अशक्य होतं.

उलटं उदाहरणही तिकडचंच आहे. ‘गायडिंग लाइट’ 1937 मध्ये रेडिओवर सुरू झाली, 1952 मध्ये टीव्हीवर आली. 2008 मध्ये खर्च वाचवायला त्यांनी नेहमीची स्टुडिओची पद्धत मोडली, हातातले कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या एका गावात जाऊन शूटिंग करू लागले. 2009 च्या सप्टेंबरात मालिका बंद. माझ्या मते लोकांना त्यांचं ओळखीचं घर दिसेनासं झालं, हे त्यामागे होतंच. ‘द यंग अँड द रेस्टलेस’ 1973 ची आहे, तिला सीबीएस वाहिनीने 2024 मध्ये एकदम चार वर्षांची मुदतवाढ दिली. एवढ्या लांबचं माहीत असलं की लेखकालाही धीराने लिहिता येतं. आपल्याकडे पुढच्या महिन्याचा भरवसा नसतो, आणि मग म्हणायचं गोष्ट भरकटली.

मध्यंतरी एका लग्नात ते ईपी भेटले. अजून म्हणतात, आमच्या मालिकेचे आकडे घसरले ते वाहिनीने तिची वेळ बदलल्यामुळे. वेळ बदलली ती आकडे घसरल्यावर. मी वही ठेवलीये, तारखा त्यात आहेत.

आता, फक्त आजींमुळे मालिका पडली असं मी म्हणणार नाही. समोरच्या वाहिनीवर त्याच वेळेला चांगली मालिका आली होती, आणि मेट्रोच्या कामामुळे घोडबंदरला ट्रॅफिक एवढं, की नटांचा कॉलटाइम आठचा असला तरी पहिला शॉट लागायला साडेदहा वाजायचे, त्यामुळे सीन घाईत उरकले जायचे. काही मालिका खरोखर बंद करायला हव्यात हेही मला मान्य आहे, विशेषतः जिथे तिसऱ्यांदा लीप घेतलाय, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेलीये, आणि पहिल्या वर्षातलं एकही माणूस उरलेलं नाही. मुदतवाढ म्हणजे युनिटची चांदी, असंही समजू नका. पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी हातात येतात, आणि कपात झाली की पहिली कात्री रोजावरच्या माणसावर चालते.

तरीही ‘सरळ बंद करा’ म्हणण्याआधी एवढं बघा, की एक मालिका थांबली तर लाइटदादा, सेटिंगवाले, हेअरताई, टेम्पोवाला, कासारवडवलीहून डबे पाठवणाऱ्या मावशी, आमचे टेलरकाका, सगळे त्याच महिन्यात घरी बसतात. नव्या मालिकेत यातल्या निम्म्यांनाही बोलावणं येत नाही, कारण नवा निर्माता आपली माणसं घेऊन येतो. 2020 च्या मार्चमध्ये शूटिंग थांबली तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांनी भाजीच्या गाड्या लावल्या.

कमी पैशात मालिका चालवता येते. ड्रोन शॉट काढा, परदेशातला ट्रॅक काढा, तीन दिवसांचा लग्नाचा सोहळा एका दिवसात करा, महासंगम, म्हणजे दोन मालिकांचा एकत्र भाग, तर करूच नका, त्यात दोन युनिटांचा दिवस जातो. घर आणि घरातली जुनी माणसं यांना शेवटपर्यंत हात लावू नका, त्यांच्यासाठी महिन्याचे दोन दिवस काढा. आमच्या ईपींनी यादी वाचली होती ती बरोबर उलट्या क्रमाने. ते इथे वाचत असतील तर वाचू देत.