वाचक विचारतात: विकिपीडियावर आमच्या कंपनीचा लेख का टिकत नाही?

आमचा शेतीपंपांचा कारखाना १९७८ पासून चालू आहे. दीडशे कामगार आहेत, माल सहा राज्यांत जातो. फायलीत ३२ कात्रणं आहेत. तरी इंग्रजी विकिपीडियावरून मसुदा दोनदा परत आला. आमच्याहून लहान कंपन्यांचे लेख मात्र तिथे आहेत. चुकतं कुठे? (एक वाचक, जि. सांगली)

वय, उलाढाल, कामगार यांतलं काहीच तिथे मोजत नाहीत. कंपनीशी देणंघेणं नसलेल्यांनी, विश्वासार्ह ठिकाणी, कंपनीबद्दल सविस्तर लिहिलंय का, आणि ते एकाहून अधिक ठिकाणी आलंय का, एवढंच पाहतात. कात्रणांची बेरीज होत नाही. प्रत्येक कात्रण एकट्याने या कसोटीला उतरावं लागतं. दहा अर्धीमुर्धी मिळून एक पुरं होत नाही.

३२ कात्रणं टेबलावर पसरा आणि पेन्सिल घ्या. नवी शाखा, नवी नेमणूक, तिमाही निकाल, भांडवल उभारणी, पुरस्कार, ‘आघाडीचे ५० उद्योजक’ छापाच्या याद्या आधी बाजूला काढा. बातम्या खऱ्या असतील, पण त्या नुसत्या नोंदी आहेत. उरलेल्यांत जे जे कंपनीच्या तोंडून आलंय ते खोडत जा. समजा, कात्रण असं आहे:

‘दर्जेदार पंपांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने नवा पाणबुडी पंप बाजारात आणला आहे. हा पंप कमी दाबाच्या विजेवरही चालतो, असे व्यवस्थापकीय संचालकांनी सांगितले. शेतकऱ्यांनी लाभ घ्यावा, असे आवाहन त्यांनी केले.’

दुसरं आणि तिसरं वाक्य गेलं. पहिल्यातलं ‘दर्जेदार’ही प्रसिद्धिपत्रकातलंच. उरलं काय, तर कंपनीने पंप आणला. हाच मजकूर तीन पेपरांत शब्दशः आला असेल तर ती तीन कात्रणं नव्हेत. एकच, आणि तेही तुमचंच. संचालकांच्या मुलाखतीचंही तेच होतं. प्रश्न पत्रकाराचे असले तरी उत्तरं घरचीच.

खोडूनही चार-सहा परिच्छेद उरले पाहिजेत. वार्ताहराने दोन्ही बाजू ऐकून लिहिलेला संपाचा वृत्तान्त, सांडपाण्याबद्दल सरकारी कागद तपासून केलेली बातमी, पंप उद्योगाच्या इतिहासात एखाद्या अभ्यासकाने तुम्हाला दिलेली चार पानं, असं काही. मजकूर तुमच्यावर टीका करणारा असला तरी चालतो. मालकांना हे रुचत नाही, पण वजन त्यालाच जास्त असतं. त्यातलं निदान एक कात्रण फक्त गावापुरत्या अंकातलं नसावं. राज्यभर किंवा मोठ्या विभागात वाचलं जाणारं हवं.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा. इंग्रजी विकिपीडियाने भारतीय वृत्तमाध्यमांसाठी याबद्दल वेगळी सूचनाच ठेवली आहे. बातमीदाराचं नाव नसणं, ‘ब्रँड डेस्क’ असा उल्लेख, तळाशी बारीक टायपात जबाबदारी झटकणारी ओळ, किंवा वर्धापनदिनाच्या पुरवणीत शेजारीच तुमची पाव पान जाहिरात, या खुणा मसुदे तपासणाऱ्या परीक्षकांना पाठ असतात.

जुनं आणि नावाजलेलं म्हणूनही सूट नाही. किर्लोस्करांचं मासिक १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू झालं. मराठी वाचकाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण किर्लोस्कर कारखान्याची उल्लेखनीयता, म्हणजे विकिपीडियावर लेख मिळण्याची पात्रता, त्यातल्या लेखांनी सिद्ध होत नाही, कारण ते कारखान्याचंच प्रकाशन. त्यासाठी बाहेरच्यांनी लिहिलेलंच लागतं.

कात्रण मराठी आहे किंवा इंटरनेटवर नाही, याची काळजी नको. पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि शीर्षक नीट द्या. तीन चांगली मिळाली तर मसुद्याचा पाया तेवढ्यावर घाला. ३२ची चळत लावली की परीक्षकाला चांगली तीन दिसतच नाहीत. एकही मिळालं नाही तर भाषा कितीही घोटा, मसुदा परत येणार. आणि लहान कंपन्यांचे लेख? त्यांच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलं नसेल. ‘त्यांचा आहे, मग आमचा का नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर?

आपोआप लेख मिळत नाही. मात्र अशा कंपन्यांवर विश्लेषकांचे स्वतंत्र अहवाल निघतात, ते शोधा. संस्थापक प्रसिद्ध असला तरी त्याची प्रसिद्धी कंपनीच्या खात्यात जमा होत नाही.

मसुदा नाकारल्यावर एका ‘संपादका’चा फोन आला. पैसे दिल्यास लेख छापून तो सांभाळूही, म्हणाला. द्यावेत का?

देऊ नका. ही जुनी युक्ती आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखल्या गेलेल्या टोळीची ३८१ खाती बंद केली आणि २१० लेख काढले. नाकारलेले मसुदे हेरायचे, त्या कंपन्यांना गाठायचं, लेख चढवायचा आणि मग तो ‘सांभाळण्याचे’ पैसे मागायचे, अशी त्यांची पद्धत होती.

पगारी माणसाकडून लिहून घेणं चालतं, पण २०१४ पासून वापराच्या अटींनुसार पैसे कोण देतंय हे जाहीर करावं लागतं. खातं कंपनीच्या नावाने नको, माणसाचं हवं. सदस्य पानावर (त्या खात्याच्या स्वतःच्या पानावर) कंपनीशी असलेलं नातं लिहायचं, लेख थेट न चढवता मसुदा म्हणून तपासणीला द्यायचा, आणि लेख झाल्यावरही बदल स्वतः न करता लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर मागायचे. ‘अग्रगण्य’, ‘विश्वासाचं नाव’ असले शब्द आधीच काढा. निव्वळ जाहिरात वाटणारं पान चर्चेविना उडवता येतं. एरवी वगळण्याच्या प्रस्तावावर साधारण ७ दिवस चर्चा चालते.

मराठी विकिपीडियावर सोपं जाईल का?

प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम त्या त्या समुदायाचे असतात, त्यामुळे एकीकडचा नकार दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. स्वतंत्र संदर्भ मात्र तिथेही मागतात, आणि जाहिरात तिथेही काढतात.