बेसबॉलमध्ये पिचरने स्वतः बॅटिंग करायला हवी का?

तुम्ही विचारलंय की क्रिकेटमध्ये बुमराहलाही बॅट घेऊन उतरावं लागतं, मग बेसबॉलच्या पिचरलाच, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यालाच, सूट कशाला? माझं मत विचाराल तर सक्ती नसावी. पण अमेरिकेतल्या मेजर लीगने ती ज्या पद्धतीने काढून टाकली, ती मला अजिबात पटलेली नाही.

मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. अमेरिकन लीगने १९७३ मध्ये डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच आणला. हा पिचरच्या ऐवजी फक्त बॅटिंग करतो, फिल्डिंगला उतरत नाही. नॅशनल लीगने मात्र जवळपास पन्नास वर्षं त्याला दाराबाहेर ठेवलं. २०२० च्या कोविड हंगामात डीएच दोन्हीकडे आला, २०२१ मध्ये नॅशनल लीगमधून पुन्हा गेला आणि २०२२ पासून कायमचा झाला. जपानची सेंट्रल लीगही २०२७ पासून तो घेणार आहे.

क्रिकेटशी तुलना करताना एक मोठा फरक लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये अकरावा शेवटी येतो, कित्येकदा येतही नाही. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम फिरत राहतो, नववा झाला की परत पहिला. त्यामुळे पिचरची पाळी सामन्यात दोनतीनदा यायचीच, आणि तीही नेमकी बेसवर माणसं असताना येऊ शकते. मग प्रतिस्पर्धी आठव्या बॅटरला मुद्दाम वॉक, म्हणजे फटक्याशिवाय पहिला बेस, देऊन पिचरला गाठत. स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो, त्यामुळे हात बसायला वेळ कुठे मिळतो? २०२१ मध्ये पिचरांची बॅटिंग सरासरी ०.११० च्या आसपास होती, म्हणजे नऊ वेळा उभं राहावं तेव्हा एखादी हिट.

दुखापतींचं तर विचारूच नका. यँकीज संघाच्या च्येन-मिंग वांगने २००६ आणि २००७ मध्ये प्रत्येकी १९ सामने जिंकले होते. तो अमेरिकन लीगचा पिचर, बॅटिंगची सवयच नव्हती. २००८ मध्ये ह्यूस्टनला, नॅशनल लीगच्या मैदानावर, जिथे पाहुण्या पिचरलाही बॅटिंग करावी लागे, बेस धावताना त्याचा पाय असा दुखावला की तो पुन्हा कधीच पूर्वीसारखा खेळला नाही. असा पिचर बेस धावण्यात गमवायचा, याचं मला आजही वाईट वाटतं.

गोड आठवणीही आहेतच. मेट्स संघाचा पिचर बार्टोलो कोलोन याने २०१६ मध्ये सॅन दिएगोत आयुष्यातला पहिला होम रन मारला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता! तरी अशा एखाद्या फटक्यासाठी नियम ठेवा, असं मी म्हणणार नाही.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सहावी इनिंग, १-१ बरोबरी. दोन आउट, दुसऱ्या बेसवर रनर आणि पाळी पिचरची. त्याने सत्तरेक चेंडूंत समोरच्यांना जखडून ठेवलंय, अजून दोन इनिंग सहज टाकेल. पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, पाठवला तर कदाचित आघाडी मिळेल, पण मग पिचर गेला, कारण बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू परत येत नाही. उरलेला सामना बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या, भरवशावर काढायचा. आणि नवा पिचर आणताना डबल स्विच करायचा का? म्हणजे त्याच्यासोबत एक फिल्डरही बदलायचा आणि त्या फिल्डरला पिचरच्या क्रमांकावर टाकायचं, जेणेकरून नव्या पिचरची पाळी लांबेल. घरी बसलेला प्रत्येक प्रेक्षक त्या मिनिटाला मॅनेजर झालेला असे. डीएच आल्यावर हा पेचच संपला. पिचर दमला की बदला, झालं.

आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आल्यावर रोहित शर्माने त्यामुळे अष्टपैलू खेळाडू मागे पडतील असं म्हटलं होतं. तक्रार याच जातीची आहे. खेळाडू नेमून दिलेलं एकच काम करू लागले की संघ निवडणं आणि सामना चालवणं दोन्ही सोपं होतं, आणि ते सोपं होऊ नये असं मला वाटतं.

यावर मधला मार्ग आहे, आणि तो करूनही पाहिलेला आहे. २०२१ मध्ये अटलांटिक लीग या अमेरिकेतल्या छोट्या स्वतंत्र लीगने नियम केला की स्टार्टिंग पिचर बाहेर गेला की डीएचही गेला. पुढे २०२३ मध्ये त्यांनी तो सैल केला, म्हणजे स्टार्टर पाच इनिंग टिकला तर डीएच शेवटपर्यंत राहील. मला पहिला, कडक नियम जास्त आवडतो. त्यात स्टार्टरला बॅट धरावी लागत नाही, पण त्याला काढायचं तर मॅनेजरला चांगला बॅटरही गमवावा लागतो. हल्ली चौथ्या-पाचव्या इनिंगलाच स्टार्टरला बसवायची जी घाई चालते, तिलाही थोडा लगाम बसेल.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीसारखा खेळाडू असेल तर सवलत जरूर द्यावी. मेजर लीगचा २०२२ चा नियम आहेच, की स्टार्टिंग पिचर स्वतःच डीएच असेल तर पिचिंग सोडल्यावरही तो बॅटिंग करत राहू शकतो. दोन्ही कामं करून दाखवणाऱ्याला ती मुभा राहू द्या. बाकीच्या संघांच्या मॅनेजरना मात्र सहाव्या इनिंगला पुन्हा डोकं खाजवायला लावा.