रक्त पातळ करायची गोळी बदलायची का?

प्रश्न : आईचे वय 52. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) अरुंद झाला आहे, ठोकेही अनियमित पडतात. त्यासाठी रक्त पातळ करायची ॲसिट्रॉम गोळी चालू आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते दाखवणारा आकडा) तपासायला मिरजेला हेलपाटा पडतो. शेजारच्या काकांना ठोके अनियमित म्हणून रिव्हारोक्साबान दिली आहे, त्यांना ही तपासणी लागत नाही. आईला तीच चालेल का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : चालणार नाही. काकांचा व्हॉल्व्ह अरुंद नसेल, तर त्यांना ती गोळी योग्यच आहे. आईचे दुखणे वेगळे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती व्हॉल्व्हवरच उलटली, तो जाड होऊन आकसला. मागे डाव्या कप्प्यात रक्त तुंबते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो.

नवी गोळी अशा रुग्णांनाही पुरेल, अशी आशा होती. ती पारखायला 24 देशांत ‘इन्व्हिक्टस’ चाचणी झाली. तेव्हा एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. निष्कर्ष 2022 मध्ये आले : अर्धांगवायू, हार्ट अटॅक, इतरत्र गुठळी किंवा मृत्यू यांपैकी काही घडले, ते रिव्हारोक्साबानवरच्या 2,275 पैकी 560 जणांना आणि ॲसिट्रॉमच्या जातीच्या जुन्या गोळीवरच्या 2,256 पैकी 446 जणांना. मुख्य फरक मृत्यूंत होता. जुन्या गटातही आयएनआर सगळ्यांचा जागेवर नव्हता, तरी हा निकाल लागला. म्हणून आईची गोळी परस्पर बदलू नका.

आईचा आयएनआर 2 ते 3 मध्ये हवा. गोळी संध्याकाळी ठरल्या वेळी द्या, म्हणजे त्याच दिवशीच्या रिपोर्टवरून डोस बदलता येतो. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर द्या. दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. थंडीत हरभऱ्याची भाजी आली की आठवडाभर ताटात तीच असते, मग आयएनआर खाली येतो. पालेभाजी बंद करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा. गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मेट्रोनिडॅझोलने आयएनआर चढतो. कोणतेही अँटिबायोटिक सुरू झाले की तीन-चार दिवसांत तपासणी करा.

रक्त घेताना निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली का, तेही बघा. आत रक्त गोठू न देणारे सायट्रेट मोजून घातलेले असते, एक भागाला नऊ भाग रक्त. रक्त कमी पडले तर आकडा खोटाच जास्त येतो आणि डोस विनाकारण उतरवला जातो.

काळी शौच, न थांबणारा घोळाणा फुटणे, अचानक तोंड वाकडे होणे : यात थांबायचे नाही, थेट दवाखाना.

प्रश्न : मुलगा 12 वर्षांचा, वजन 34 किलो. एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सांधेतापाने व्हॉल्व्हला सुरुवातीचा दोष दिसला. दर 21 दिवसांनी पेनिसिलीन घ्यायला रडतो. बंद केले तर? – एक वाचक, पलूस

उत्तर : बंद करू नका. युगांडात 5 ते 17 वर्षांच्या 818 मुलांवर दोन वर्षे चाचणी झाली. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत तिघांचा दोष वाढला, न घेणाऱ्यांत तेहतीस जणांचा. 27 किलोच्या वर 12 लाख युनिट लागतात. औषध घट्ट असते, सुईत अडकते. कुपी हलवून तळहातात कोमट करायला आणि दोन-तीन मिनिटे घेऊन सावकाश टोचायला सिस्टरांना सांगा. मुलाला काहीतरी खायला घालून न्या, नंतर अर्धा तास तिथेच बसवा.